पोटाची शिफ्ट

माझं पोट सकाळी अकराच्या आत उघडत नाही. डोकंही त्याच सुमारास उघडतं, दोघांचं आधीपासून संगनमत आहे. संध्याकाळी मात्र, घरातली बाकीची माणसं जांभया द्यायला लागतात तेव्हा, माझी भूक खवळते आणि अक्कलही चालायला लागते. आज मी हे ताठ मानेने सांगते. पण नव्वदच्या दशकात, पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरात हे सांगायची सोय नव्हती.

घर पापडाचं. आई आणि आळीतल्या चार-पाच बायका मिळून उडदाचे पापड लाटायच्या आणि ते बाजारपेठेतल्या दुकानांत जायचे. पापडाचं सगळं गणित उन्हाशी बांधलेलं. ऊन चढायच्या आत लाटून झालं पाहिजे, म्हणजे दिवसभर ऊन खाऊन ते संध्याकाळी डब्यात भरता येतात. त्यामुळे आमच्याकडे पीठ कुटण्याच्या आवाजाने दिवस सुरू व्हायचा. उजाडलं की बायका पोळपाट-लाटणी घेऊन ओटीवर बसायच्या आणि पहिला हात लाटून झाला की न्याहारी. तांदळाची भाकरी, रात्रीचं कालवण, नाहीतर सुकट. त्या अशा चवीने खायच्या की बघणाऱ्याला भूक लागावी. मला लागायची नाही. मला त्या वासाने ढवळायचं.

वडील धरमतरच्या जेटीवर माल वाहणाऱ्या बार्जच्या कामाला होते. भरती असेल तशी त्यांची वेळ. ते कधीही यायचे, कधीही जेवायचे, त्यांना कोणी अवाक्षर बोलायचं नाही. खाडीच्या पाण्यापुढे कोण काय बोलणार? माझ्या पोटामागे मात्र असं काही भक्कम कारण नव्हतं, म्हणून मी आळशी ठरले. डोळे चोळत ओटीवर आले की बायकांपैकी कोणीतरी म्हणायचंच, "आली गो आमची सूर्यवंशी!" सूर्य उगवल्यावर उठणाऱ्याला आपल्याकडे हे बिरुद फुकट मिळतं. मी तोंड वाकडं करून मोरीत निघून जायची. मला राग यायचा, कारण आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे हात दमल्यावर वाळलेले पापड मीच झपाझप डब्यांत भरलेले असायचे, आणि ते कोणाच्या लक्षात राहायचं नाही.

आईचं एक ब्रीद होतं, "माज्या घरातनं कोन उपाशी भायेर पडत नाय." हे नुसतं बोलणं नव्हतं. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिने एकदा भाकरी खायला बसवलं होतं. बिचारा नको नको म्हणत दोन भाकऱ्या खाऊन गेला. अशा बाईच्या पोटी सकाळी घास न उतरणारी मुलगी यावी हा तिच्यावर अन्यायच होता. ती मला समोर बसवून भाकरीचा तुकडा हातात द्यायची आणि नजर माझ्या तोंडावर ठेवायची. मी म्हणायची, "आई, जात नाय गो." ती म्हणायची, "जात नाय म्हंजे? घशाला काय कुलूप हाय?" तिला ते ढोंग वाटायचं. कधीकधी माज वाटायचा. माझा घसा खरंच बंद असतो, हे तिने कधी मानलं नाही. मग ती पाठ फिरवेपर्यंत मी थांबायची, आणि आमच्या शेळीला त्या काळात दोनदा न्याहारी मिळायची.

बारावीनंतर मी रसायनशास्त्र घ्यायचं ठरवलं आणि रोह्याला मावशीकडे राहायला गेले. मावशी आईची धाकटी बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, धाटावच्या एका कंपनीत होते. त्यांनीच माझ्या डोक्यात भरवलं होतं की इथे एवढे केमिकलचे कारखाने आहेत, बीएस्सी झालीस तर लॅबमध्ये चिकटशील. पेण ते रोहा गाडीने काही फार लांब नाही, पण मला ते परदेशासारखं वाटलं, ते अंतरामुळे नाही. जेवणाच्या वेळांमुळे.

काकांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट. आजूबाजूच्या घरांतही तेच. त्यामुळे त्या आळीत कोणीही कधीही जेवायचं. एका घरातून सकाळी नऊला माशाच्या कालवणाचा वास यायचा, कारण तिथला माणूस नाईट करून आलेला असायचा आणि त्याची ती संध्याकाळ असायची. कोणी कोणाला "न्याहारी झाली का?" असं विचारायचं नाही. विचारायचे, "शिफ्ट कुठली?" मावशीच्या स्वयंपाकघरात भाकऱ्यांची टोपली फडक्याखाली झाकलेली असायची, ज्याला भूक लागेल त्याने उचलावी.

पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यापुढे सकाळची भाकरी ठेवली. मी तिच्याकडे बघत बसले. तिने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी उचलून परत टोपलीत टाकली. "समजलं," ती म्हणाली. "तू सेकंड शिफ्टची हायस गो. तुझ्या काकालापन फर्स्ट शिफ्टला घास जात नाय. डबा ने, वाटंल तवा खा."

एवढंच. एवढं साधं. मला रडू आलं, आणि मी रडकी मुलगी नव्हे. अठरा वर्षं मी आळशी, ढोंगी, माजोरी होते, आणि या बाईने एका वाक्यात मला शिफ्टची कामगार करून टाकलं. आपल्यात खोट नाही, फक्त आपली वेळ वेगळी आहे, हे ऐकायला किती बरं वाटतं ते ज्याने कधी ऐकलं नाही त्यालाच कळेल. तेव्हापासून मी मावशीच्या बाजूची झाले ती आजतागायत.

कॉलेज सकाळचं होतं. पहिल्या तासाला मी शरीराने हजर असायची. अकरा वाजता डबा उघडला की मी माणसात यायची, आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला माझ्याइतका स्थिर हात वर्गात कोणाचा नव्हता, हे मी अजिबात संकोच न करता लिहिते. वर्गात आमचे आपोआप दोन तट पडले होते. कोलाडच्या बाजूने पहिल्या एसटीने येणाऱ्या मुली पहाटे पोटभर खाऊन यायच्या, तरतरीत असायच्या, पटापट उत्तरं द्यायच्या, आणि दुपारी प्रॅक्टिकलला ब्युरेटच्या नळीसमोर उभ्या उभ्या पेंगायच्या. आम्ही सेकंड शिफ्टवाल्या सकाळी भुतासारख्या आणि दुपारी राण्या. त्या आम्हाला म्हणायच्या, "शिस्त नाही तुम्हाला." आम्ही म्हणायचो, "तुम्हाला झोप नाही आवरत." त्या वेळेवर वरण-भात जेवायच्या, हे खरं. आमचं अकरा ते एक नीट आणि पुढे संध्याकाळी कॅन्टीनचा वडा, भजी, फरसाण, वर तीन चहा असं अरबट-चरबट चालायचं, हेही खरं. पण त्यांना वाटायचं की लवकर खाणारा तो सज्जन आणि उशिरा खाणारा तो बिघडलेला. हे मला कधी पटलं नाही. भुकेला कसली आलीय नीतिमत्ता?

दुसऱ्या वर्षी आम्हाला पुण्याहून आलेल्या एक बाई शिकवायला होत्या. कडक, पण मुलींची काळजी करणाऱ्या. एकदा पहिल्याच तासाला आमचे सुकलेले चेहरे बघून त्यांनी विचारलं, "आज काही न खाता कोण कोण आलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

बाईंना पटलं नाही. त्यांनी एकेकीला उठवून विचारलं, सकाळी काय खाल्लंस? भाकरी. पोहे. घावन. भाकरी. माझ्या शेजारची मुलगी, जी चहाच्या एका घोटावर दुपारपर्यंत काढायची, ती म्हणाली, "शिरा." मीही उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "भाकरी आणि सुकट." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "पुण्याच्या मुलींनी तुमच्याकडून शिकायला हवं."

तास संपल्यावर आम्ही पोट धरून हसलो, पण त्यात गंमत थोडी आणि रीत जास्त होती. आमच्याकडे घराबाहेर "मी उपाशी आहे" असं कोणी म्हणत नाही. मुलगी उपाशी आली म्हणजे घरच्या बाईने दिलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो. मग ती सकाळी उठत नसेल, किंवा घरात चूल पेटत नसेल, किंवा तिची पोरीवर मायाच नसेल. लोक हवं ते धरतात. त्यामुळे पोटात कावळे ओरडत असले तरी पोरगी "झाली न्याहारी" म्हणते आणि आईचं नाव राखते. बाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नाही.

शेवटचं वर्ष आलं. काकांच्या कंपनीत लॅबमध्ये जागा निघणार होत्या, आणि पहिल्या फटक्यात पास झालेल्यांनाच बोलावणार असं काका सांगत होते. दुसरीकडे पेणला माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या साली सुटली तर नोकरी कर, मी आड येनार नाय. पन एक पेपर जरी बुडाला तर मंग पुढल्या सालाचं नाव काढायचं नाय." वडील बोलले की बोलले. म्हणजे परीक्षेवर माझं सगळंच अवलंबून होतं.

पहिला पेपर सकाळचा. आदल्या दिवशी आई पेणहून येऊन थडकली. पिशवीत पेणचे पोहे, पापड आणि देवाचा अंगारा. लेकीची मोठी परीक्षा आणि आपण तिकडे पापड लाटत बसायचं, हे तिला सहन होईना. संध्याकाळी मी अभ्यास करत असताना ती बाजूला बसून माझ्याकडे बघत होती. मी चार भाकऱ्या खाल्ल्या ते बघून तिला बरं वाटलं असावं. पण म्हणाली, "सकाळी अशीच खा म्हंजे झालं."

सकाळी तिने पोहे केले. शेंगदाणे घालून, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. त्या पोह्यांना नाव ठेवायची माझी हिंमत नाही, पेणमध्ये तिच्या हातचे पोहे नावाजलेले होते. मावशी दाराशी उभी राहून चुळबुळ करत होती. शेवटी म्हणाली, "ताय, तिला सकाळचं जात नाय गो. डबा देऊ."

"तीन वर्सं तू तिला उपाशी धाडलीस का काय?" आईने विचारलं. मावशीने हातातला डबा परत फळीवर ठेवला. मोठ्या बहिणीपुढे ती आणखी काय बोलणार?

मी पोहे खाल्ले. पूर्ण बशी. आई माझ्यासाठी एवढी धावत आली होती, आणि परीक्षेच्या दिवशी तिला नाही म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. शेवटचा घास गिळताना मला माझ्या पोटाने स्पष्ट सांगितलं होतं की हे काही खरं नाही.

आई मला सोडायला कॉलेजपर्यंत आली. एप्रिलचं ऊन सकाळीच तापलेलं. फाटकातून आत शिरलो आणि मी सायकल स्टँडच्या मागे धावले. सगळे पोहे बाहेर आले. जसे खाल्ले होते तसेच, कोथिंबिरीसकट. आईने मागून माझं कपाळ धरलं होतं. तिने खाली पाहिलं. पदराने माझं तोंड पुसलं, नळावर नेऊन चूळ भरायला लावली. घंटा झाली होती. मी परीक्षेच्या हॉलच्या दारापर्यंत चालत गेले आणि तिथे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर होते. भोवती मुली, आणि समोर त्याच पुण्याच्या बाई. त्या दिवशी हॉलची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि घाईही होती. आई बाजूला माझा हात धरून उभी.

"तुम्ही आई ना हिच्या?" बाईंनी विचारलं. "नीट सांगा मला. गावात सध्या उलट्या-जुलाबाचे पेशंट निघतायत. हिने काही खाल्लं असेल आणि तरी ही अशी पडली असेल, तर मी हिला आत बसवणार नाही. सरळ सरकारी दवाखान्यात पाठवणार. इतक्या मुली आहेत आत. पण नुसती उपाशी असेल, तर साखर-पाणी देते आणि बसू देते. काय खाऊन आलीय ही?"

मला सगळं ऐकू येत होतं. दवाखाना म्हणजे पेपर बुडाला. पेपर बुडाला म्हणजे वडिलांचा शब्द. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती पोह्यांचं सांगणार. का नाही सांगणार? पहाटे उठून तिने ते केले होते, नवा नारळ फोडून. आणि आजवर तिला उपाशी आलेल्या पोरीची आई असं कोणी म्हटलं नव्हतं.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत नव्हते, कारण तशी तिने माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं मी जात नाय, जात नाय म्हणत होते, ते तिने त्या क्षणी मानलं. मग ती बाईंकडे वळली.

"उपाशीच हाय," ती म्हणाली. "मी तिला कायच दिलं नाय खायला."

सगळ्या मुली पेण-रोह्याच्या, खाडीकाठच्या, कोलाडच्या. आमच्याकडे या वाक्याची किंमत काय आहे ते त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं. कोणीही आईकडे पाहिलं नाही. सगळ्या खाली बघत राहिल्या. मी उठायला गेले, "आई, तू तर..." एवढंच तोंडातून बाहेर पडलं. तिने माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

बाई मात्र चिडल्या. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "अहो, परीक्षेच्या दिवशी तरी! पोटच्या मुलीला दोन घास देता येत नाहीत? तुम्ही आया असं वागलात तर या मुलींनी शिकायचं कसं?" त्या बरंच काही बोलल्या. मीटर बघायला आलेल्या माणसालाही न जेवता सोडायची नाही अशी माझी आई, मान खाली घालून, पदर सावरून, सगळं ऐकत राहिली. एकदाच म्हणाली, "चुकलं बाय माजं. तिला आत जाऊ दे."

मला साखर-पाणी मिळालं. हातात बिस्किटाचा पुडा दिला, तो मी मुठीत धरून बसले, खाल्ला नाही. पहिली काही पानं मी कशी लिहिली ते मला आठवत नाही. पण उन्हं वर आली तशी माझी वेळ झाली, डोकं उघडलं, आणि मी शेवटच्या घंटेपर्यंत मान वर केली नाही. माझा एकही पेपर बुडाला नाही. मी पास झाले, पहिल्या वर्गात, आणि धाटावच्या लॅबमध्ये लागलेही. पहिले सहा महिने मी साहेबांकडे सेकंड शिफ्ट मागून घेतली, तेव्हा त्यांना वाटलं मुलगी वेडी आहे.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. व्हरांड्यातल्या मुलींपैकी दोघी-तिघी रोज पेणहून यायच्या. गोष्ट त्यांच्याबरोबर गाडीने माझ्या आधी पेणला पोचली. परीक्षा संपवून मी घरी गेले तेव्हा ओटीवर पापडांचं काम जोरात चाललं होतं. सगळ्याजणी होत्या. मला बघताच त्यांतली एक, जिने आमच्या घरची न्याहारी वर्षानुवर्षं खाल्ली होती, तीच लाटणं थांबवून आईला म्हणाली, "काय गो, खरं काय ते? पोरीला परीक्षेला उपाशी धाडलीस? तू?"

बाकीच्यांची लाटणीही थांबली. तोंडं बघून कळत होतं की हे आधी बोलून झालेलं आहे, फक्त आईसमोर झालेलं नाही. मी पिशवी खाली ठेवली. आता तरी मी सांगणार होते. पोहे, नारळ, सायकल स्टँड, सगळं. इथे तर दवाखाना नव्हता, बाई नव्हत्या, पेपर देऊन झाले होते. खरं सांगायला काहीच आडकाठी नव्हती. मी तोंड उघडलं.

आईने माझ्या आधी उत्तर दिलं. हातातलं लाटणं तिने थांबवलंही नाही.

"व्हय, धाडली," ती म्हणाली. "माज्या पोरीला सकाळी घास जात नाय. पुढंबी उपाशीच धाडीन."

हळूहळू लाटणी पुन्हा सुरू झाली. मी तिच्या शेजारी पोळपाट ओढून बसले आणि पहिली लाटी उचलली.